‘साध्या गॉगलपेक्षा उघडे डोळे बरे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मागच्या आठवड्यात द्राक्षबागेत काम करणारे एक गृहस्थ दुकानात आले. वय पन्नाशीच्या आतलं. उजव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसाचा गुलाबी पापुद्रा बुबुळाकडे सरकलेला. “ताई, डोळा सारखा चुरचुरतो,” म्हणाले. उन्हात गॉगल लावता का, असं विचारल्यावर म्हणाले, “होता की अडीचशेचा. पण पोराच्या मोबाईलवर मेसेज आला, तसल्या गॉगलनं डोळे जातात म्हणून. दोन उन्हाळे झाले, लावलाच नाही.”

गॉगल गाडीच्या डिकीत तसाच पडून होता. तो मी आणायला लावला, पुसला आणि आमच्या यूव्ही, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, मोजायच्या यंत्रावर धरला. पलीकडे जाणारे अतिनील किरण एक टक्क्याच्याही आत. म्हणजे डोळे वाचवणारी वस्तू डिकीत ठेवून हा माणूस दोन उन्हाळे उघड्या डोळ्यांनी बागेत राबला, एका मेसेजपायी.

तो मेसेज मलाही तीन ग्रुपवर आला आहे. थोडक्यात त्यात असं म्हटलंय: रस्त्यावरचा गॉगल लावण्यापेक्षा उघडे डोळे बरे, कारण काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि जास्त यूव्ही आत जातं. काच जितकी गडद तितकं संरक्षण जास्त. पोलराइज्ड घेतला की यूव्हीची काळजी नाही. ओरिजिनल गॉगल खऱ्या काचेचा आणि जड असतो, प्लास्टिकचा म्हणजे डुप्लिकेट. घरी तपासायचं तर यूव्ही टॉर्च आणि पाचशेची नोट घ्या. आणि ढगाळ हवेत गॉगलची गरज नाही.

चष्म्याच्या काउंटरवर माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

बाहुलीचा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. अंधारात बाहुली मोठी होते. ती २ मिलिमीटरची ४ मिलिमीटर झाली तर तिचं क्षेत्रफळ चौपट होतं. काच नुसतीच काळी असेल आणि यूव्ही अजिबात अडवत नसेल, तर डोळ्याच्या आतल्या भिंगापर्यंत जास्त यूव्ही पोचू शकतं, आणि मोतीबिंदूच्या कारणांमध्ये यूव्ही आहेच. इथपर्यंत मान्य. पण हे सगळं त्या ‘यूव्ही अडवत नसेल तर’वर उभं आहे, आणि मेसेजनं नेमकं तेच गृहीत धरलंय. आजकालच्या बऱ्याच स्वस्त गॉगलची ‘काच’ पॉलिकार्बोनेटची असते. हे प्लास्टिक जात्याच साधारण ३८० नॅनोमीटरपर्यंतचे (नॅनोमीटर म्हणजे किरणांची तरंगलांबी मोजायचं माप) अतिनील किरण शोषून घेतं. त्याला वेगळा मुलामा लागत नाही, आणि काचेवर चरे पडले तरी तो गुण जात नाही. उलट साधं ॲक्रिलिक किंवा साधी काच यूव्हीचा बराच भाग पलीकडे सोडू शकते. दोन्ही गॉगल शेजारी शेजारी टांगलेले असतात आणि डोळ्यांना सारखेच दिसतात. म्हणून रस्त्यावरचे सगळे चांगले, असं मी म्हणत नाही. सगळे वाईट हेही खोटं आहे. मोजल्याशिवाय कळत नाही, एवढंच खरं.

दुसरं असं की बाहुली असते बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या मागे. आमच्या त्या गृहस्थांचं वाढलेलं मांस डोळ्याच्या पृष्ठभागावर आहे. वेल्डिंगची चमक बसल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, तेही पृष्ठभागावरचंच भाजणं. तिथं बाहुली लहान की मोठी याचा काही संबंध नाही. तिथं पोचणारं यूव्ही जेवढं कमी होईल तेवढा फायदाच. गॉगल लावल्यावर आपण डोळे किलकिले करत नाही, त्यामुळे पृष्ठभाग थोडा जास्त उघडा राहतो, हे खरं. पण काच यूव्ही अडवत असेल तर त्यानं बिघडत नाही.

मांस बहुतेक वेळा नाकाच्या बाजूनंच का वाढतं, हेही सांगण्यासारखं आहे. कानाच्या बाजूनं तिरका येणारा प्रकाश बुबुळाच्या फुगीर पडद्यातून वळतो आणि भिंगातून गेल्यासारखा नाकाकडच्या कडेवर एकवटतो. म्हणजे धोका समोरून येतो तसाच बाजूनंही येतो. म्हणून बागेत, होडीवर किंवा दिवसभर दुचाकीवर असणाऱ्यांना मी छोट्या गोल फ्रेमऐवजी गालापर्यंत येणारी, कडेला वळलेली फ्रेम सुचवते. छोटी फ्रेम महागातली असली तरी बाजू उघडीच राहते. फ्रेम कशीही असली तरी वर रुंद काठाची टोपी हवीच.

आता गडद काचेचं. मेसेज आधी म्हणतो, काळी काच घातक, आणि पुढच्याच ओळीत म्हणतो, जितकी काळी तितकी चांगली. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. काळेपणा हा दिसणाऱ्या उजेडाचा हिशोब आहे, यूव्ही न दिसणारं आहे. यूव्ही ४०० दर्जाची, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतची, पारदर्शक पांढरी काचसुद्धा ते अडवते. आंतरराष्ट्रीय मानकात गडदपणाच्या ० ते ४ अशा कॅटेगरी आहेत. आपल्या उन्हात रोजच्या वापराला कॅटेगरी ३ बरोबर. ती ८ ते १८ टक्के उजेड सोडते. कॅटेगरी ४ फक्त ३ ते ८ टक्के सोडते, ती बर्फातल्या डोंगरावर ठीक. गाडी चालवताना ती लावायचीच नाही. कॅटेगरीचा आकडा बहुतेक वेळा काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला असतो, विकत घेताना वाचा.

पोलराइज्डचं उत्तर लहान आहे. ओल्या रस्त्यावरून, पाण्यावरून, पुढच्या गाडीच्या बॉनेटवरून येणारी चमक ते कापतं. हा खरोखर उपयोगी गुण आहे, समुद्रावर तर फारच. पण तो वेगळा गुण आहे. दुकानात गॉगलमधून एका कार्डाकडे बघायला लावतात आणि लपलेलं चित्र दिसतं, त्यातून फक्त पोलरायझेशन सिद्ध होतं, यूव्हीबद्दल काहीच नाही. ती तपासणी तुम्ही घरीही करू शकता: मोबाईलच्या स्क्रीनसमोर गॉगल धरून हळूहळू फिरवा, बऱ्याच मोबाईलचा स्क्रीन कुठल्यातरी कोनात काळा पडतो. स्वस्त पोलराइज्ड काच पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेली असते. ती उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून ठेवली की थर सुटून बुडबुडे येतात. अशा काचा दर मे महिन्यात माझ्या काउंटरवर येतात.

‘ओरिजिनल काचेचाच असतो’ हे कुठून आलं ते समजतं. रे-बॅन १९३७ साली बॉश अँड लोम या अमेरिकन कंपनीनं बाजारात आणला तेव्हा काचा खऱ्या काचेच्याच होत्या, आणि त्यांची हिरवी जी-१५ काच आजही मिळते. त्यातले १५ म्हणजे १५ टक्के उजेड. तिच्यावर चरे लवकर पडत नाहीत, पण ती जड असते आणि आपटली तर फुटते. हाच ब्रँड आज प्लास्टिकच्या काचाही लावतो. ओकली ही गॉगलची कंपनी ज्या प्लुटोनाइट काचेचा अभिमान बाळगते ते पॉलिकार्बोनेटच आहे. क्रिकेट खेळणाऱ्या पोराच्या डोळ्यांसमोर मी स्वतः पॉलिकार्बोनेटच देईन, कारण चेंडू लागला तर ते काचेसारखं फुटून तुकडे डोळ्यांत जात नाहीत. तेव्हा वजनावरून अस्सल-नक्कल ठरवू नका.

रे-बॅनच्या काचेच्या कोपऱ्यातली कोरलेली बारीक ‘आरबी’ अक्षरंही आता नक्कल करणारे कोरतात. डबी, कापड, स्टिकर तर करतातच. युरोपातल्या नियमांचं सीई हे चिन्हही सनग्लाससाठी उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, त्यामुळे नकली मालावर ते छापणं अवघड नाही. अस्सलच हवा असेल तर अधिकृत विक्रेता, छापील बिल आणि वॉरंटी, हा एकच भरवशाचा रस्ता. आठ हजारांचा गॉगल कुणी बिलाशिवाय पंधराशेला देत असेल, तर तुम्ही पंधराशे रुपये नुसत्या नावाचे देताय. तेवढ्याच पैशांत कमी नावाच्या पण जबाबदार कंपनीचा, बिलासकट, उत्तम गॉगल मिळतो.

पैसे कुठं मोजायचे हे ठरवायला दोन गोष्टी स्वतः करून बघा. गॉगल हातभर लांब धरून त्यातून खिडकीचा उभा गज बघा आणि गॉगल सावकाश डावीकडे-उजवीकडे हलवा. गज सापासारखा वळवळला तर काच लहरी आहे, तासाभरात डोकं धरेल. स्वस्त मालाचा खरा दोष बहुतेक वेळा हाच निघतो. मग काड्या पाच-सहा वेळा उघडमीट करा आणि बिजागरीत बघा. तिथं घट्ट करता येणारा स्क्रू असेल तर गॉगल दुरुस्त होतो. नुसता प्लास्टिकचा खुंटा असेल तर तुटल्यावर आम्हालाही काही करता येत नाही. आणि कितीही चांगला घेतलात तरी कोरड्या शर्टानं किंवा पदरानं पुसू नका. धूळ काचेवर घासली जाते. आधी नळाखाली धरा, मग मऊ कापडानं टिपा.

नोट आणि टॉर्चचा प्रयोग दिसायला छान आहे. नोटेतले काही धागे आणि नंबर यूव्हीखाली चमकतात, मध्ये काच धरली आणि चमक गेली की गॉगल पास. पण बाजारात मिळणारे बरेच स्वस्त टॉर्च ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचे असतात, त्यात जांभळा दिसणारा उजेडही असतो. ३८० पर्यंत अडवणारा, मानकात बसणारा गॉगल त्यातला काही भाग सोडतो, नोट चमकते आणि चांगला गॉगल कचऱ्यात जातो. उलट कुणी गडद काचेतून नोटेकडे बघितलं, तर चमक नुसत्या काळेपणानं मंद दिसते आणि वाईट गॉगल पास होतो. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत यूव्ही मोजायचं छोटं यंत्र असतं. प्रयोगशाळेची सर त्याला नाही, पण नोटेपेक्षा कितीतरी बरं. एक मिनिट लागतं. माझ्याकडे त्याचे पैसे घेत नाही.

ढगांचं तर अगदी चुकीचं आहे. पातळ ढगांतून ८० टक्क्यांहून जास्त यूव्ही खाली येऊ शकतं. समुद्राचा फेस साधारण २५ टक्के परत फेकतो, कोरडी वाळू १५ टक्के. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना भुवया थोडीतरी सावली धरतात. सकाळी आणि दुपार कलल्यावर तो थेट डोळ्यांसमोर येतो, आणि शेतातलं काम तर त्याच वेळी असतं. लहान मुलांच्या डोळ्यांतलं भिंग जास्त पारदर्शक असतं, त्यांच्या आत आपल्यापेक्षा जास्त यूव्ही पोचतं. त्यांचा गॉगल खेळण्याच्या दुकानातून न घेता चष्म्याच्या दुकानातून घ्या, बाकी काही नाही.

त्या गृहस्थांना मी नवीन गॉगल विकला नाही. वाकलेली काडी गरम करून सरळ केली, बिजागरीचा स्क्रू आवळला. वाढलेल्या मांसासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. ते पुढं वाढतंय का ते डॉक्टरच बघतील, आणि काढलं तरी परत येऊ शकतं, हेही सांगून ठेवलं. मग यंत्राच्या आकड्याचा फोटो त्यांच्याच मोबाईलवर काढून दिला. जाताना गॉगल डोळ्यांवर चढवत म्हणाले, “हा फोटो पोराला दाखवतो आधी.”