‘पट्टी मारून भागलं असतं’ : चेसिसच्या गंजावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

माझ्या मोटरहोमच्या (ट्रकवर बांधलेल्या फिरत्या घराच्या) चेसिसच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, दुरुस्तीवरच्या मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि तळमळीनं लिहिलेली आहे. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरं वाटलं नाही, म्हणून वेगळं लिहितोय.

ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी भाऊंचं म्हणणं सांगतो. ते दर्यापूरकडचे. आपल्या विदर्भात हवा कोरडी, इथे गाडीला गंज लागून लागून लागणार किती? जुन्या टाटा ४०७ ट्रकवर बांधलेल्या माझ्या मोटरहोमच्या चेसिसचा तुकडा कापून नवा बसवणं हा अवाजवी खर्च होता. गावच्या वेल्डरनं गंजलेल्या जागेवर वरून लोखंडी पट्टी मारली असती तर एका दिवसात गाडी मोकळी झाली असती. खताची पोती वाहणाऱ्या कितीतरी गाड्या अशा पट्ट्यांवर वर्षानुवर्षं पळतात. तुकडा कापून बदलायलाच हवा असं लिहून मी गावच्या कारागिरांना कमी लेखतो आणि जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्याला घाबरवतो. शेवटी त्यांनी लिहिलंय की त्यांच्याकडेही एक जुनी गाडी आहे आणि दिवाळीआधी पट्टी मारूनच ती रस्त्यावर काढणार आहेत.

कारागिरांचं आधी घेतो, कारण ते मला लागलं. माझ्या गाडीचं सगळं काम दारव्ह्याच्या रस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झालं. ट्रॉल्या, नांगर, वखर आणि पेरणीयंत्रं जोडण्यात त्या मिस्त्रींची हयात गेली आहे. तुकडा कापायचा हे मी ठरवलं नाही, त्यांनी ठरवलं. मी पट्टीचाच विषय काढला होता. ते गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, “पट्टी पायजे तं आत्ता मारून देतो. पण मंग या गाडीत लेकरायले झोपवू नोका.” गावच्या वेल्डरला नीट काम येत नाही असं मी कधी लिहिलेलं नाही. त्याला आपण वेळ देत नाही आणि नीट कामाचे पैसे देत नाही. संध्याकाळी गाडी न्यायची घाई आपलीच असते, मग तो पट्टी मारतो.

आता कोरड्या हवेचं. मे महिन्यात तुमचं खरं आहे, पण गंज मे महिन्यात फारसा वाढत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर तो झपाट्यानं वाढतो, आणि आपल्याकडे मृग लागल्यापासून पोळ्याच्याही पुढेपर्यंत हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. लोखंडावर मीठ असेल तर याहून कमी आर्द्रताही पुरते. त्यात आपली काळी माती. चाकानं उडालेला चिखल चेसिसच्या चॅनलमध्ये (‘C’ आकाराच्या लोखंडी तुळईत), पाट्याच्या हँगरमागे (स्प्रिंगचा पाटा चेसिसला टांगणाऱ्या ब्रॅकेटमागे), डिझेल टाकीच्या ब्रॅकेटवर जाऊन बसतो. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पण बोट घातलं तर आत ओल असते. अशा चिखलाखालच्या लोखंडाला प्राणवायू कमी मिळतो आणि शेजारच्या उघड्या भागाला भरपूर. या फरकातून तिथे एक छोटा विद्युत घट तयार होतो आणि झिजतं ते चिखलाखालचं लोखंड. म्हणूनच दिसणारा भाग चांगला आणि झाकलेला भाग खाल्लेला, असं नेहमी आढळतं.

तुम्ही तर दर्यापूरकडचे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यातलं तुमचं गाव. तिथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यानं पिकांचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. त्याच पाण्यानं गाडी धुतली की पाणी उडून जातं आणि क्षार सांध्यांत राहतात. खत वाहिलेल्या गाडीचंही तेच. पोटॅश म्हणून जे पोतं येतं ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि क्लोराइडइतकं लोखंडाच्या मुळावर उठणारं दुसरं काही क्वचितच सापडेल. फुटक्या पोत्यातून सांडलेलं खत फळ्यांच्या फटीतून थेट क्रॉस मेंबरवर, म्हणजे चेसिसच्या आडव्या तुळईवर पडतं. तुमच्या गाडीनं आधी काय वाहिलंय, हे घेताना विचारलं असेल तर आठवून पाहा.

मुख्य वाद पट्टीचा आहे. माझ्या गाडीला आधीच्या मालकानं पट्टी मारलेलीच होती. मागच्या पाट्याचा मागचा हँगर जिथे बसतो तिथे, उजव्या लाँग मेंबरवर (चेसिसच्या दोन लांब तुळयांपैकी उजवीवर), चारही बाजूंनी वेल्ड केलेली, वरून काळा रंग फासलेला. दिसायला भक्कम. फक्त मधोमध थोडी फुगलेली होती. मिस्त्रींनी ग्राइंडरनं तिची खालची कड उघडली तेव्हा आतून तपकिरी भुकटी गळायला लागली. मग त्यांनी छिन्नी घालून पट्टी उचलली तर मागे गंजाचे थर एकावर एक, पानं सुटावीत तसे सुटत होते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, प्रकारानुसार दुपटीपासून सहापटीपर्यंत. दोन पत्र्यांमध्ये कोंडलेला गंज त्यामुळे पाचर ठोकल्यासारखा जोर लावतो आणि जाड पट्टीही वाकवतो. वरचा वेल्ड पाणी अडवत नाही, कारण मागची बाजू उघडीच असते. तो फक्त आपली नजर अडवतो.

त्याहून वाईट गोष्ट पट्टीच्या कडेला होती. पट्टी सरळ चौकोनी होती आणि तिचा उभा वेल्ड चॅनलच्या खालच्या आडव्या बाजूच्या कडेपर्यंत आणलेला होता. गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा लाँग मेंबर वाकतो, आणि सगळ्यात जास्त ताण येतो तो वरच्या-खालच्या आडव्या बाजूंवर. जिथे जाड पट्टी एकदम संपते आणि बारीक झालेलं जुनं लोखंड सुरू होतं, नेमका तिथेच ताण एकवटतो. वेल्डच्या उष्णतेनं ती रेघ आधीच ठिसूळ झालेली असते. आमच्याकडे त्याच रेघेवर चीर गेली होती.

ती डोळ्यांना दिसली नाही. मिस्त्रींनी जागा घासून चकचकीत केली, फडक्यानं रॉकेल लावलं, थोडा वेळ मुरू दिलं आणि कोरडं पुसून घेतलं. मग शाळेतल्या खडूची पूड वर चोळली. पांढऱ्या पुडीवर हळूहळू एक ओली रेघ उमटली, कडेपासून सुरू होऊन वर उभ्या बाजूकडे वळलेली. चिरेत शिरलेलं रॉकेल खडूनं बाहेर ओढलं होतं. कारखान्यांत यासाठी लाल-पांढऱ्या फवाऱ्याचे डबे वापरतात, पण तत्त्व हेच. रॉकेल मिळत नसेल तर डिझेलवरही जमतं. भाऊ, त्या रेघेवर बोट ठेवल्यानंतर पट्टीच्या बाजूनं बोलणं मला शक्य नाही.

माल वाहणाऱ्या गाड्यांचा तुमचा मुद्दा खोटा नाही, पण मालगाडी रिकामी होते. मोटरहोमचं वजन कधीच उतरत नाही. पलंग, कपाटं, बॅटऱ्या, ओटा, टाकी, सगळं रात्रंदिवस त्याच लोखंडावर. त्यातही मागचा लोंबता भाग जीवघेणा. समजा पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर ३ मीटर आहे आणि २०० लिटरची पाण्याची टाकी मागच्या आसाच्या १.५ मीटर मागे बसवली. पाण्याचं वजन २०० किलो, पण मागच्या आसावर भार वाढतो ३०० किलोनं आणि पुढच्या आसावरचा १०० किलोनं कमी होतो. ही तरफ ज्या लोखंडावर टेकून काम करते तो म्हणजे मागच्या हँगरचा परिसर, आणि गंजही तिथेच. शिवाय मालगाडी रोज फिरते, तिचा आवाज बदलला तर ड्रायव्हरला कळतं. आपलं मोटरहोम सबंध पावसाळा लिंबाखाली ओल्या मातीवर उभं असतं.

काम कसं झालं ते मागच्या लेखात थोडक्यात होतं, तुमच्या शंकेमुळे जरा खोलात जातो. आधी पाण्याची टाकी रिकामी केली. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर आणि डिझेल टाकी काढून लांब ठेवली. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या, नाहीतर वेल्डिंगचा करंट अल्टरनेटरमधून जाऊन तो जाळतो. गाडी समपातळीत ठोकळ्यांवर घेतली आणि कापायच्या आधी ओळंब्यानं चेसिसचे बिंदू जमिनीवर उतरवून दोन्ही कर्ण मोजले. यात कोणी घाई केली तर ती करू देऊ नका, कारण जोडताना चेसिस तिरपी झाली तर गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते आणि टायर खाते.

गंजाची हद्द हातोडीनं ठरवली. निरोगी लोखंड टणकन वाजतं, खाल्लेलं बद्द. पण नुसत्या आवाजावर न थांबता चकचकीत, पूर्ण जाडीचं लोखंड लागेपर्यंत मागे सरकत गेलो. कापा तिरका घेतला, म्हणजे सगळा सांधा एकाच उभ्या रेषेत येत नाही. नवा चॅनल मूळ जाडीचाच. “जाड टाका, मजबूत होईल” हे इथे चालत नाही, त्यानं ताण फक्त शेजारी सरकतो. कडांना उतार देऊन, मध्ये फट ठेवून वेल्ड आरपार भरला आणि घासून सपाट केला. मग आतून आधाराची पट्टी बसवली. हो, पट्टीच, पण निरोगी लोखंडावर, दोन्ही टोकं निमुळती केलेली आणि उभ्या बाजूला जास्त ताण सोसणाऱ्या हाय टेन्साइल बोल्टनं घट्ट छिद्रांत आवळलेली. वरच्या-खालच्या आडव्या बाजूंना एकही छिद्र पाडलं नाही.

रॉडबद्दल मिस्त्री फार कडक होते. ७०१८ जातीचा वेल्डिंगचा रॉड हवेतली ओल ओढून घेतो, आणि ती ओल वेल्डमध्ये हायड्रोजन सोडून नंतर चीर पाडते. त्यामुळे उघड्या पाकिटातले रॉड ३०० अंशांच्या आसपास भाजून मगच वापरले. दुसरी अडचण आपल्याकडची, व्होल्टेजची. शेतीपंप सुरू झाले की दाब पडतो, वेल्डिंगचा चाप (आर्क) लुळा होतो, आणि वेल्ड वर चढलेला दिसला तरी खाली रुजत नाही. म्हणून मुख्य सांधे शेतीची लाइन बंद असतानाच मारले. काम लांबलं ते यामुळे. पट्टी एका दिवसात होते हे मान्य, कारण तिच्यात यातलं काही करावं लागत नाही.

लेखाखाली बऱ्याच जणांनी जळकं ऑईल मारायचा सल्ला दिला होता, तुम्हीही तेच म्हणता. लोखंडापुरतं त्यात तथ्य असेल, पण खालून फवारलं की ते रबरी बुशांवर आणि ब्रेकच्या होजवर जातं, आणि रबर फुगून सुटतं. डांबरी कोटिंगही गंजावर मारू नका, आतली ओल कोंडते. आम्ही लोखंड स्वच्छ करून झिंक प्रायमर, वर इपॉक्सी आणि बंद पोकळ्यांत मेणाचा फवारा एवढंच केलं, आणि चॅनलची तुंबलेली पाणी निघायची भोकं मोकळी केली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओट्याच्या बेसिनचा पाइप, जो नेमका त्या क्रॉस मेंबरवर सुटत होता, तो वळवून बाहेर काढला. मीठ-साबणाचं पाणी त्या लोखंडावर रोज पडत होतं. ते तसंच ठेवून नवा चॅनल टाकला असता तर तोही गेला असता.

पैशांचं तुमचं गणित एका बाबतीत बरोबर आहे. प्रत्येक गाडी वाचवण्याजोगी नसते. दोन्ही लाँग मेंबर लांबवर पातळ झाले असतील, किंवा स्टिअरिंग बॉक्स बसतो तिथलं लोखंड गेलं असेल, तर मीही सोडून द्या असंच सांगेन. चेसिस नंबर कोरलेला भाग कापावा लागणार असेल तर आरटीओला विचारल्याशिवाय ग्राइंडर लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि नंबरच नाहीसा झाला तर गाडी कागदावर कोणाची हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. माझ्या गाडीत खराबी एका बाजूला, मागच्या टोकाला होती आणि बाकी लोखंड वाजत होतं. म्हणून खर्च केला.

आता तुमची गाडी. पट्टी मारायच्या आधी एक सकाळ तिच्याखाली घाला. जॅकवर भरवसा न ठेवता ठोकळे लावा. हँगरमागचा चिखल काढा, गोड्या पाण्यानं धुऊन वाळू द्या, हातोडी मारत जा. आधीची एखादी पट्टी असेल तर तिच्या उभ्या कडांवर डिझेल आणि खडू करून पाहा. वेल्डर जी.आय., म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्याचा तुकडा वापरणार असेल तर त्याला थांबवा. त्या जस्ताच्या धुरानं माणसाला ताप भरतो आणि वेल्डही पोकळ राहतो. पुढच्या बाजूला स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट जिथे आवळलेत तिथला आणि मागच्या दोन्ही हँगरचा, असे फोटो मला पाठवा, मी ते मिस्त्रींना दाखवतो. स्टिअरिंग बॉक्सजवळ चीर किंवा भोक दिसलं तर फोटोची वाट न पाहता गाडी आहे तिथेच उभी ठेवा, गावातल्या गावातही चालवू नका.