जुनी काढली, नवी घातली, एवढ्यावर भागत नाही

गणपती जवळ आले की भजनी मंडळांच्या ग्रुपांवर एक आवाजी मेसेज फिरायला लागतो. सांगणं असं: पोर्टेबल स्पीकरातली जड लेड (शिसं-ॲसिडची) बॅटरी काढा आणि त्याच मापाची १२ व्होल्टची लिथियम घाला. वजन निम्म्याहून कमी, आवाज वाढतो, चालते दुप्पट, चार्जर तोच, दहा वर्षं बघायला नको. शेवटी, "काय्येक करूचा नाय, जुनी काढूची नि नवी घालूची." त्याखाली लगेच कोणीतरी लिहितं की लिथियम म्हणजे घरात बॉम्ब. दोन्ही गोष्टी पुढे ढकलल्या जातात, कधीकधी एकाच माणसाकडून.

मी लिथियमच्या बाजूचा आहे. रात्री साकवावरून, जांभ्याच्या पायऱ्यांवरून खोका खांद्यावर घेऊन या वाडीतून त्या वाडीत जाणाऱ्याला किलोभराची किंमत बरोबर कळते. तारकर्लीला किंवा गणपतीपुळ्याला वाळूत गिटार घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरांनाही कळते. पण या मेसेजातली बहुतेक वाक्यं अर्धवट आहेत, आणि एक तर धोक्याचं आहे.

तेच आधी घेऊ: "चार्जर तोच चालतो." कोणत्या लिथियमला? १२ व्होल्टची म्हणून बाजारात दोन वेगळ्या जातींचे पॅक मिळतात. एक लिथियम आयर्न फॉस्फेटचा, दुकानात ज्याला एलएफपी म्हणतात. त्याचा सेल ३.२ व्होल्टचा, चार सेल ओळीने जोडले की १२.८ होतात आणि पूर्ण भरताना १४.४ ते १४.६ पर्यंत जातात. दुसरा लॅपटॉपात असतात तसल्या लिथियम-आयन सेलांचा. तीन सेल जोडले तर भरल्यावर १२.६ व्होल्ट, चार जोडले तर १६.८.

आता स्पीकरातला मूळचा चार्जर बघा. तो लेडसाठी केलेला, साधारण १३.६ ते १३.८ व्होल्ट देणारा. तीन सेलांच्या पॅकला तो लावला तर प्रत्येक सेलवर ४.५ च्या वर व्होल्ट यायला बघतात, आणि त्या सेलची मर्यादा ४.२ आहे. मध्ये उभी असते फक्त बीएमएस नावाची छोटी सर्किटपट्टी. तिने वेळेवर चार्जिंग तोडलं तर निभावलं. पण ती अडचणीच्या वेळेसाठी असते, रोज रात्रीचं चार्जिंग तिच्या भरवशावर सोडायचं नसतं. जुन्या लॅपटॉपचे सेल सोलून बांधलेल्या स्वस्त पॅकात तर ती असतेच असंही नाही. याच जातीचा चार सेलांचा पॅक घेतला तर त्रास दुसऱ्या टोकाला होतो: ॲम्पमधले (ॲम्प्लिफायरमधले) कपॅसिटर जास्तीत जास्त १६ व्होल्ट सोसणारे असले तर १६.८ त्यांना नको असतात, आणि जुना चार्जर त्या पॅकला पूर्ण भरूही शकत नाही. म्हणजे "१२ व्होल्ट लिथियम" एवढंच ऐकून पैसे काढू नयेत. दुकानदार एलएफपी आहे की नाही ते सांगत नसेल, तर दुसरं दुकान गाठावं.

एलएफपी असेल तर मेसेज बराचसा खरा ठरतो. १३.८ व्होल्टवर ती बिघडत नाही. फक्त भरायला वेळ लागतो, आणि सेल एकमेकांशी समपातळीत आणायचं काम बीएमएस सहसा १३.८ च्या वरच्या व्होल्टेजला करतो, ते राहून जातं. अधूनमधून १४.६ व्होल्टच्या एलएफपी चार्जरने भरली की झालं. पण काही स्वस्त खोक्यांत चार्जर म्हणजे नुसता ट्रान्सफॉर्मर आणि चार डायोड. त्यात नियंत्रण काहीच नाही, बॅटरी भरत आली की व्होल्ट चढतच जातात. चार्जिंग संपत आलं असताना मल्टिमीटरची टोकं बॅटरीला लावून बघा. १४.६ च्या वर आकडा दिसला तर तो चार्जर एलएफपीला लावायचा नाही. लेडला पुन्हा ताजी करण्यासाठी झटके देणारे चार्जर येतात, तेही नकोत.

बॉम्बवाल्यांना उत्तर याच फरकात आहे. लॅपटॉपवाल्या जातीचा सेल जास्त भरला, चेपला किंवा तापला की पेट घेऊ शकतो. एलएफपी त्या मानाने पुष्कळ शांत. पण शांत म्हणजे कसंही वागवा असं नव्हे. मे महिन्यात किनाऱ्यावर उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कोणतीच बॅटरी ठेवू नये, आणि तापलेली बॅटरी लगेच चार्जला लावू नये. बऱ्याच एलएफपी पॅकांची चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश असते. शून्याखाली चार्ज करू नका, असंही त्यांच्यावर छापलेलं असतं. कोकणात तेवढी थंडी पडत नाही, ती सूचना आपण वाचून सोडून द्यायची.

वजन. १२ व्होल्ट, ७ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठ्याचं माप) लेड बॅटरी दोन किलोच्या थोडी वर, त्याच क्षमतेची एलएफपी किलोभराची किंवा जरा कमी. निम्म्याहून कमी हे खरं आहे, पण बॅटरीपुरतं. ट्रॉली स्पीकरात उरलेलं वजन मॅग्नेटचं, लाकडाचं आणि चाकांचं असतं, ते तिथेच राहतं. खरा फायदा पालखीत किंवा दिंडीत कर्ण्यासाठी गाडीची बॅटरी वाहणाऱ्यांना आहे. ३५ एएचची बॅटरी नऊ-दहा किलोची, वर ॲसिड सांडायची भीती. लेड रोज अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे त्या ३५ पैकी सवयीने वापरायचे १७-१८. तेवढं काम २० एएचची एलएफपी करते, अडीच-तीन किलोत. मेसेज करणाऱ्याला हे सुचलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं, कारण त्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच होता.

"आवाज वाढतो" याला फार वेळ द्यायची गरज नाही. लेड वापरात १२ च्या आसपास उतरते, एलएफपी १३ च्या आसपास टिकते. साध्या ॲम्पला त्यातून पंधरा-वीस टक्के वॉट जास्त मिळतील, म्हणजे एक डेसिबलसुद्धा नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. ज्या ॲम्पमध्ये आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट आहे, तिथे तेवढाही फरक पडत नाही. स्पीकर जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा, त्याने जास्त काम होईल.

"दुप्पट चालते" हे मात्र कधी खरं, कधी खोटं. लेडवर छापलेले ७ एएच हे वीस तासांच्या हिशेबाचे, म्हणजे ०.३५ अँपिअरने हळूहळू ओढल्यावर मिळणारे. ॲम्प सरासरी दीड अँपिअर ओढत असेल तर तिच्याकडून साडेपाचच्या आसपास मिळतात, पावणेचार तास. एलएफपी तेच काम साडेचार तासांच्या थोडं वर करेल. तासाभराचा फरक. साडेचार अँपिअर ओढणारा मोठा ॲम्प असला तर लेड तासाभरात बसते आणि एलएफपी दीड तास जाते. दुप्पट होतं ते जुन्या, अर्धमेल्या लेडशी तुलना केल्यावर. आणि तशी तुलना नव्या लेडनेही जिंकली असती.

मेसेजात नसलेली आणि भजनात हमखास नडणारी गोष्ट म्हणजे पखवाज. माइकवर मोठी थाप पडली की ॲम्प क्षणभर खूप करंट मागतो. लेड तो मुकाट्याने देते, ७ एएचची छोटी बॅटरीसुद्धा क्षणभर पन्नासच्या वर अँपिअर देऊ शकते. छोट्या एलएफपीचा बीएमएस सात-दहा अँपिअरचा असला तर तो सरळ तोडतो, आणि गजर रंगात आलेला असताना माइक मुका होतो. बुवा मागे वळून बघतात ते तुमच्याकडे. ॲम्पच्या मागचा फ्यूज वाचा. तो १० चा असेल तर १५ अँपिअर सतत देणारा बीएमएस मागा.

शेवटाकडे येतानाही लेड आधी सांगते: आवाज घरघरायला लागतो, लाल दिवा लागतो. एलएफपीचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं, त्यामुळे लेडसाठी केलेले ते दिवे भरलेली दाखवत राहतात आणि मग एकदम अंधार. घड्याळ बघून चालवायची सवय लावावी लागते.

दहा वर्षांचं म्हणाल तर दोन हजारांच्या आसपास वेळा चार्जिंग सोसणारी एलएफपी गणपती आणि शिमग्यापुरती वापरली तर सेलांच्या बाजूने अडचण नाही. आधी जाईल ते टर्मिनल. खाऱ्या हवेत पितळी क्लिपांवर हिरवट थर चढतो, तिथे नुसता ०.१ ओहमचा अडथळा आला तरी पाच अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच खर्च होतो. पावसाआधी क्लिपा घासून वर थोडं व्हॅसलिन. ठेवायची पद्धतही उलटी आहे, लेड पूर्ण भरून ठेवायची आणि एलएफपी साधारण अर्धी.

राहिली काढलेली जुनी. ती कचऱ्यात किंवा पऱ्ह्यात टाकू नका, आत शिसं आणि ॲसिड आहे. बॅटरीचे दुकानदार वजनावर पैसे देऊन घेतात, आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी नियमानेच उत्पादकांवर आहे. तिच्यात अजून जीव असेल आणि लाईट गेल्यावर दिव्यासाठी ठेवणार असाल, तर दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज लावा. रिकामी पडून राहिलेली लेड शिमग्याला भरतच नाही.