गुंगीच्या वायूची अफवा आणि बंद केलेले झरोके

मोटरहोम, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन युरोपात फिरायला निघणाऱ्यांना निघण्याआधी कोणीतरी एक संदेश हमखास पाठवते. थोड्याफार फरकाने त्याचा मजकूर असा असतो: फ्रान्स, स्पेन आणि इटलीतील महामार्गांलगतच्या विश्रांतिस्थळांवर चोरांच्या टोळ्या रात्री उभ्या असलेल्या मोटरहोममध्ये नळीने गुंगीचा वायू सोडतात, आतले सगळे कुटुंब बेशुद्ध पडते, चोर निवांतपणे पैसे आणि पासपोर्ट घेऊन जातात, आणि सकाळी लोक जड डोक्याने उठतात तेव्हा रात्रीचे काहीच आठवत नसते. म्हणून झोपण्यापूर्वी गाडीतील हवेचे सगळे झरोके बंद करा आणि गुंगीच्या वायूची सूचना देणारा अलार्म बसवा, असा सल्ला शेवटी दिलेला असतो. यातील चोऱ्या खऱ्या आहेत, पण वायूची गोष्ट तपासणीत टिकत नाही, आणि झरोके बंद करण्याचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे. त्यामुळे संदेशातील एकेक विधान वेगळे काढून पाहणे मला आवश्यक वाटते.

‘नळीने थोडा वायू सोडला की सगळे बेशुद्ध पडतात’ हे पहिले विधान. त्याचा साधा हिशेब मांडता येतो. मध्यम आकाराच्या मोटरहोममध्ये सुमारे २० घनमीटर, म्हणजे २० हजार लिटर हवा असते, असे धरू. आज शस्त्रक्रियागृहात सर्रास वापरले जाणारे सेव्होफ्लुरेन हे भुलीचे औषध घेतले, तर त्वचेवर चीर दिल्यावर निम्मे प्रौढ रुग्ण हालचाल करणार नाहीत, एवढी भूल चढण्यासाठी श्वासाच्या हवेत त्याच्या वाफेचे प्रमाण सुमारे २ टक्के असावे लागते. २० हजार लिटरचे २ टक्के म्हणजे ४०० लिटर वाफ. एक मिलिलिटर द्रवापासून साधारण १८० मिलिलिटर वाफ मिळते, म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास द्रव लागेल. हे औषध २५० मिलिलिटरच्या बाटलीत येते, तेव्हा झाल्या नऊ बाटल्या. चोराला एवढी खोल भूल नको, नुसती झोप मोडू नये एवढेच हवे, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्तही आहे. पण प्रमाण एकतृतीयांशावर आणले तरी तीन बाटल्या उरतातच. त्याशिवाय हा द्रव ५८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतो, म्हणजे त्याची झपाट्याने वाफ करायला उष्णता हवी, ती गाडीभर पसरवायला पंखा हवा, आणि झरोक्यांतून सतत बाहेर जाणाऱ्या हवेची भरपाई करायला आणखी औषध हवे. रुग्णालयांत कुलपात राहणारे औषध अशा मापाने मिळवणाऱ्या टोळीने त्याच्या जोरावर एका प्रवाशाचे पाकीट पळवावे, हे मुळातच पटण्यासारखे नाही.

‘आधुनिक औषध नसेल, इथर असेल’ असा बदल काही जण या संदेशात करतात. इथरचा वास इतका उग्र असतो की झोपलेला माणूस खोकत, ठसकत जागा होईल, कदाचित त्याला उलटीही होईल. शिवाय ज्या प्रमाणात इथरची भूल चढते, म्हणजे साधारण २ टक्के, त्याच प्रमाणाला त्याची हवेतील वाफ पेट घेण्याच्या पातळीला पोहोचते. मोटरहोममधील फ्रीज गॅसवर चालू असेल, तर त्याच्या मागे छोटी ज्योत रात्रभर जळत असते, तेव्हा अशा गाडीत इथर सोडणाऱ्या चोराच्या हाती पाकिटाऐवजी स्फोट लागण्याचा संभव अधिक. राहिला नायट्रस ऑक्साइड, ज्याला हसवणारा वायू म्हणतात. तो एकटा वापरून नेहमीच्या वातावरणीय दाबाला पूर्ण भूल देताच येत नाही. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ अनेस्थेटिस्ट्स या भूलतज्ज्ञांच्या संस्थेनेही नेमक्या याच दाव्यावर आपले मत जाहीर केले आहे: मोटरहोमच्या खिडकीतून इथर, क्लोरोफॉर्म किंवा सध्याची कोणतीही वाफेची भूल सोडून झोपलेल्या माणसाला नकळत बेशुद्ध करणे शक्य नाही, आणि ही समजूत म्हणजे निव्वळ दंतकथा आहे.

‘सकाळी सगळे सुखरूप उठतात’ हे विधान मला सर्वांत बोलके वाटते, कारण भूल देणे हे झोपवण्यापेक्षा जिवंत ठेवण्याचे काम अधिक आहे. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासमार्ग अडतो, उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाते, आणि म्हणूनच भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया संपेपर्यंत रुग्णाच्या डोक्याशी उभा असतो. लहान मुलाला लागणारे प्रमाण आणि सत्तरीच्या आजोबांना लागणारे प्रमाण यांत बराच फरक असतो, तर इथे दोघेही एकाच डब्यात एकच हवा घेत असतात. ऑक्टोबर २००२ मध्ये मॉस्कोतील दुब्रोव्का नाट्यगृहात ओलिसांच्या सुटकेसाठी रशियन दलांनी फेंटानिल या गुंगी आणणाऱ्या तीव्र वेदनाशामकाच्या वर्गातील औषधांचा फवारा आत सोडला. त्या घटनेत सुमारे १३० ओलीस दगावले आणि त्यांतील बहुतेकांचा मृत्यू या औषधामुळे आणि वेळेवर उपचार न मिळाल्यामुळे झाला. एका राष्ट्राच्या यंत्रणेला जे प्रमाण साधले नाही, ते महामार्गावरच्या चोरांना रात्रीमागून रात्री अचूक साधते, एकही माणूस दगावत नाही, हे कसे मानायचे?

मग ‘कोणालाच काही ऐकू कसे आले नाही’? दिवसभर गाडी चालवून दमलेला, जेवताना कदाचित थोडी वाइन घेतलेला माणूस रात्रीच्या पहिल्या काही तासांत अतिशय गाढ झोपतो. महामार्गावर ट्रकांची घरघर चालू असते आणि सराईत चोराला मोटरहोमच्या पुढच्या दाराचे कुलूप उघडायला फार वेळ लागत नाही. आपल्या मुलांच्या उशाशी परका माणूस उभा होता आणि आपण झोपून राहिलो, हे मनाला सहन होत नाही. अशा वेळी वायूची गोष्ट त्या अपराधी भावनेतून सोडवते, म्हणून चोरी झालेल्या माणसाला खोटे ठरवण्याचा माझा अजिबात हेतू नाही. त्याने सांगितलेली चोरी खरी मानावी आणि उपाय चोरीवर करावा: महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळी मुक्काम करू नये, राखण असलेल्या कॅम्पिंगच्या जागी थांबावे, पुढची दोन्ही दारे आतून पट्ट्याने एकमेकांना बांधावीत, आणि किल्ली व चालकाची जागा अशी मोकळी ठेवावी की गरज पडल्यास दार न उघडता गाडी हाकून निघता येईल.

आता ज्या सल्ल्यासाठी हे सगळे लिहायला घेतले, तो: ‘झोपण्यापूर्वी सगळे झरोके बंद करा.’ मोटरहोममध्ये शेगडीखालच्या कपाटाचे दार उघडून आत हात घातला, तर गाडीच्या तळाला जाळी बसवलेले मुठीएवढे भोक सापडते आणि त्यातून थंड हवेची बारीक झुळूक बोटांना लागते. तसाच एक झरोका छतात असतो आणि तो पूर्ण बंद होऊ नये अशीच त्याची रचना केलेली असते. ही बांधणीतील चूक नव्हे. युरोपात या वाहनांच्या वायुवीजनासाठी ईएन ७२१ हे स्वतंत्र मानक आहे आणि हे झरोके त्या हिशेबाने ठेवलेले असतात. तळाचा झरोका दोन कामे करतो. घरगुती गॅस, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, हवेपेक्षा जड असतो (प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन दुप्पट), त्यामुळे गळती झाली तर तो पाण्यासारखा जमिनीवर साचतो आणि या भोकातूनच बाहेर पडू शकतो. दुसरे काम ताज्या हवेचे. शेगडीला हवा कमी पडली की ज्योत निळी न राहता पिवळी होते आणि ज्वलन अपुरे राहून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. चोराच्या काल्पनिक वायूला नऊ बाटल्या लागतात, इथे मात्र ऊब राहावी म्हणून पेटती ठेवलेली शेगडी किंवा निखारे विझले असे समजून आत आणलेले बार्बेक्यू पुरते, कारण कोळसा ज्योत गेल्यानंतरही कित्येक तास हा वायू सोडत राहतो. भीतीपोटी कोणी त्या भोकावर चिकटपट्टी लावली, तर चोराचा कसलाही वायू थांबत नाही, ताजी हवा आत येण्याचे आणि आतला वायू बाहेर जाण्याचे मात्र थांबते.

‘गुंगीच्या वायूचा अलार्म पुरेसा आहे’ हे त्याच सल्ल्याचे शेपूट. जो वायू कोणी सोडत नाही, त्याच्या अलार्मने काहीच साधत नाही. गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत हवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा स्वतंत्र अलार्म झोपणाऱ्यांच्या श्वासाच्या उंचीवर हवा, कारण हा वायू हवेपेक्षा किंचित हलका असून तिच्यात सहज मिसळतो. घेताना ईएन ५०२९१ या मानकाचा दुसरा भाग, म्हणजे वाहने आणि बोटींसाठीचा, त्यावर नमूद आहे का ते पाहावे, आणि मागच्या बाजूला छापलेली मुदतही वाचावी, कारण आतला संवेदक काही वर्षांत निकामी होतो.

शेवटचे विधान ‘सकाळी डोके जड होते, हाच पुरावा’ असे आहे. डोके दुखणे, मळमळ, चक्कर आणि ताप नसतानाही फ्लूसारखी अंगदुखी ही कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची लक्षणे आहेत. गाडीतील एकाहून अधिक माणसांना ती एकाच वेळी जाणवली, तर चोरी झालेली असो वा नसो, सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे, शक्य असल्यास गॅस बंद करावा आणि युरोपात ११२ वर फोन करावा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये, कारण त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही आणि तो ९८ असा दिलासा देणारा आकडा दाखवू शकतो. डॉक्टरांना रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन, तपासायला सांगावे, आणि तेही लवकर, कारण साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास त्याचे प्रमाण चार-पाच तासांत निम्म्यावर येते.