आजीला कुठे होतं फेरिटिन? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

थकव्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला, म्हणून उत्तर द्यायला चार दिवस घेतले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताई बदलापूरला राहतात. पहाटे पावणेपाचला उठून दोन डबे भरतात, सकाळची लोकल पकडतात, रात्री साडेआठला घरात शिरतात आणि पाठ टेकायला साडेअकरा होतात. "रोज सकाळी ४५ मिनिटं चाला, रात्री दहाला झोपा" या माझ्या सल्ल्यावर त्यांनी लिहिलं, "स्वयंपाकाला बाई असलेल्यांचे हे चोचले आहेत." पुढे त्यांचं म्हणणं असं, की थकवा कामाचा आहे, त्याला तपासण्या करणं म्हणजे लॅबवाल्यांची धन. आमच्या आज्ज्या उन्हातान्हात राबल्या, त्यांना कुठे होतं फेरिटिन (रक्तातून कळणारा लोहाचा साठा)? बीट, गूळ, खजूर खा, रक्त आपोआप वाढतं. आणि शेवटी, "जेवणावरचा चहाही बंद करायला सांगता, मग आम्ही जगायचं कशावर?"

चालण्याबद्दल आणि दहाला झोपण्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तो परिच्छेद लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं, देव जाणे. निदान मी स्वतः तरी नव्हते, कारण दहाला मी ओटा पुसत असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचं काम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं त्यात जात होती आणि घरचं काम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत बाईचा आकडा २८९ वर आला. म्हणजे पाच वर्षांत आपल्याला दहा मिनिटं सुटली, आणि पुरुषांनी ती उचलली म्हणावं तर त्यांचाही आकडा ८८ वर उतरलाय! अशा घरात कुणी "स्वतःसाठी वेळ काढा" म्हटलं की कानशिलात द्यावीशी वाटते. तुम्ही फक्त प्रतिक्रिया लिहिलीत.

पण "थकवा कामाचाच आहे" हे तुम्ही ज्या खात्रीने लिहिलंय, त्याच खात्रीने मी दोन वर्षं काढली आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. ऑफिस, मुलाची दहावी, सासऱ्यांचं आजारपण, असं सगळं एकदम चालू होतं. दमायला होतं म्हटलं की समोरची माणसं हीच यादी मला वाचून दाखवायची आणि मलाही ती पटायची. एका डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं, ते वर्षभर प्यायले. कुणीतरी गळ्यात मारलेली चौदाशे रुपयांची एनर्जी पावडरही दुधातून घेतली. त्या दिवाळीत चार दिवस माहेरी होते. आई कपबशीसुद्धा विसळू देत नव्हती, दुपारी झोप, रात्री झोप. चौथ्या दिवशी गच्चीवर पणत्या लावायला निघाले, तर दुसऱ्या जिन्याच्या वळणावर पणत्यांचं ताट पायरीवर ठेवून बसावं लागलं. कानात धडधड ऐकू येत होती. चार दिवस काहीच काम केलेलं नव्हतं, मग हा थकवा कसला? हा प्रश्न मला तेव्हाही पडला नाही. खालून भाच्याने "आत्या, पणत्या विझल्या का?" असं विचारलं आणि मी हसून वेळ मारून नेली.

पुढे फेब्रुवारीत, शिवजयंतीला, आमच्या ऑफिसात रक्तदान शिबिर होतं. रक्त घेण्याआधी ते बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. रक्त पुरेसं दाट असेल तर थेंब तळाशी जातो. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे की नाही, हे त्यावरून ठरवतात. माझ्या आधी आमचा शिपाई होता. त्याचा थेंब खड्यासारखा तळाला गेला. माझा थोडा खाली गेला, मध्येच थांबला, आणि मग सावकाश वर यायला लागला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही द्यायचं नाही, तुम्हालाच द्यावं लागेल." सगळे हसले, मीही हसले. तपासणीत हिमोग्लोबिन ८.६ निघालं. बाईचं १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, ६ होता. तो १५ च्या खाली असला की कोठार रिकामं समजतात. पाळीत दर दोन तासांनी पॅड बदलावं लागत होतं आणि मी ते "चाळिशीत असंच असतं" म्हणून सोडून दिलं होतं. गर्भाशयात गाठ निघाली. रक्त तिकडून चाललं होतं आणि मी पावडर ढवळत बसले होते.

म्हणजे कामाचा थकवा खोटा होता का? मुळीच नाही. तो होताच, आजही आहे. पण त्याच्या पोटात दुसरा एक थकवा लपून बसला होता आणि दोघांचं बिल मी एकट्या कामाच्या नावावर फाडत होते. तुमच्या बाबतीतही असंच असेल असा माझा दावा नाही. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयात मोडल्या. तुमच्या लेडीज डब्यात समोरासमोरच्या बाकांवर चौथ्या सीटसकट आठ जणी बसल्या असतील, तर त्यातल्या चार तरी. आपण उरलेल्या चौघींत आहोत, हे रक्त न बघता कसं ठरवायचं?

आता आज्जी. माझी आजी माण तालुक्यातली. फेरिटिन हा शब्द तिने ऐकला नव्हता, हे खरंच. पण तुमच्या आज्जीसारखी तीही राबली आणि ती कधी दमली नाही, असं आम्ही सगळे म्हणतो, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. सुपात तांदूळ पाखडताना ती मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायची आणि आम्ही टाकले की दटावायची, "लग्नात पाऊस पडंल." चुलीच्या कडेची भाजकी माती ती सगळ्यांच्या नकळत खायची. दळताना मध्येच भिंतीला टेकून "अंधारी आली गं" म्हणायची. शिबिराच्या आधीचं वर्षभर मी रात्री फ्रिजमधला बर्फ कडाकडा चावत होते. दात पडतील म्हणून नवरा ओरडायचा. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ, असं काही खावंसं वाटतं का?" मला एकदम आजीचं सूप दिसलं. लोह कमी पडलं की असे डोहाळे लागतात. गोळ्या सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत माझी बर्फाची तलफ गेली. आजीची मातीची तलफ शेवटपर्यंत होती. नऊ बाळंतपणं आणि आयुष्यभर शेतात अनवाणी पाय. अंकुशकृमी ओल्या मातीतून तळपायातूनच शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात.

आजीच्या स्वयंपाकघराबद्दल मात्र तुमच्या बाजूने बोलते. ती आमसुलाची आमटी लोखंडी कढईत करायची. आंबट पदार्थ लोखंडात शिजला की थोडं लोह त्यात उतरतं. आमटी काळी पडते म्हणून आपण ती कढई माळ्यावर टाकली आणि नॉनस्टिक आणलं. मटकीला मोड आणण्यातही शहाणपण होतं. मोड आले की कडधान्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. त्या मटकीवर ताटात लिंबू पिळलं की आणखी फायदा. लिंबू शिजवताना घालू नका, उष्णतेने त्यातलं क जीवनसत्त्व कमी होतं.

बीटाचं काय? बीट लाल आहे, एवढीच त्याची पुण्याई. शंभर ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं आणि आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरली आहे. गुळाच्या एका खड्यातूनही अर्ध्या-पाऊण मिलिग्रॅमच्या पुढे काही मिळत नाही. खा, गोड लागतो, पण ८.६ चे १२ त्याने होत नाहीत. अळीव, राजगिऱ्याची भाजी, मटकी, हरभरे यांत लोह बऱ्यापैकी आहे, पण वनस्पतींमधलं लोह अंगी कमीच लागतं. कोठार रिकामं झालं असेल तर गोळीच लागते. रिकामं नसेल तेव्हा ते भरलेलं ठेवायला जेवण पुरतं.

लॅबवाल्यांच्या धनाबद्दल तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. सत्तर चाचण्यांची "फुल बॉडी" पॅकेजं म्हणजे धंदाच आहे, ती घेऊ नका. पण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, हिमोग्लोबिन त्यातच कळतं), फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइडसाठी टीएसएच, एवढं एकदा डॉक्टरांना विचारून बघा. पैशांचा प्रश्न असेल तर हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. नुसतं हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून सुटलो असं मात्र समजू नका, साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरतं. तापातून उठल्या उठल्या फेरिटिन करू नका, अंगात दाह असताना ते खोटंच वाढलेलं दिसतं. घर माळकऱ्यांचं आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून बी-१२ मुद्दाम सांगितलं. ते भाजी-भाकरीत नसतं, दूध-दह्यातून थोडंफार मिळतं. ते कमी पडलं की थकव्याबरोबर पायांना मुंग्या येतात. बी-१२ न बघता नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या खात राहिलं, तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा आतल्या आत बिघडत राहतात.

आणि रिपोर्ट न बघता लोहाच्या गोळ्या घेऊ नका, घरच्यांनाही देऊ नका. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला रक्ताचा सौम्य दोष, असलेल्यांचं हिमोग्लोबिन जन्मापासूनच थोडं कमी असतं, पण त्यांना लोह कमी असतंच असं नाही. घरातल्या साठीच्या पुरुषाचं लोह कमी आलं, तर आतड्यात कुठे रक्तस्राव होतोय का, हे आधी पाहावं लागतं. तिथे गोळी देऊन गप्प बसणं महागात पडतं.

गोळ्या लागल्याच, तर "रोज घ्यायची की एक दिवसाआड" हे डॉक्टरांना जरूर विचारा. एक गोळी घेतली की शरीर हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवून साधारण दिवसभर दार अर्धवट लावून घेतं, म्हणून दुसऱ्या दिवशीची गोळी कमी शोषली जाते. झुरिचमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये बायकांवरच हे दाखवलं. मला एक दिवसाआडच दिल्या होत्या. शौचाला काळं होतं, घाबरू नका. माझं हिमोग्लोबिन १२ च्या वर जायला चार महिने लागले. गाठीवरचे उपचार वेगळे.

आता चहा. त्याच्यावर मात्र मी हटणार नाही. चहातले टॅनिन जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात आणि डब्यानंतर लगेच घेतलेल्या चहाने मटकी आणि लिंबू, दोघांचीही मेहनत पाण्यात जाते. पण मी "बंद करा" असं लिहिलं, तिथे चुकले. बंद नका करू, सरकवा. एकला डबा खाल्लात, तर चहा अडीचला. कपही तोच, टपरीही तीच. एवढंच की संध्याकाळी स्टेशनवर जो घेता तो जमल्यास सोडा. त्यातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनंतरही अंगात असतं आणि तुमच्या साडेअकराच्या झोपेत ते वाटेकरी होतं.

राहिली ती झोप. रोज पाच तासांच्या झोपेवर माझ्याकडे उपाय नाही आणि आपल्याकडे आहे असं जो म्हणेल तो काहीतरी विकत असेल. त्यावर चुटका लिहिण्यापेक्षा तुमच्या घरात दुसरा डबा कोण भरू शकतं, हा प्रश्न मी विचारीन. उत्तर इथे देऊ नका, घरी विचारा.

मूळ लेखातला पहाटे चालण्याचा परिच्छेद आणि दहाला झोपण्याचं वाक्य आज काढून टाकलंय. चहाचा परिच्छेद दुरुस्त करून ठेवलाय. रविवारी लॅब बंद असेल तर ऑफिसजवळच्या लॅबमध्ये एखाद्या दुपारीही रक्त देता येतं, या चाचण्यांना उपाशी पोट लागतंच असं नाही. आणि रात्री बर्फ किंवा डब्यातले कच्चे तांदूळ तोंडात टाकत असाल, तर दुपारचीही वाट पाहू नका.