फोर्ट सिलच्या कबरींपाशी उड्या मारणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो आला. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा फोर्ट सिल हा सैन्यतळ, तिथली अपाची लढवय्या जेरोनिमोची कबर, आणि तिच्यासमोर आपली चार पोरं हवेत उडी मारतायत. खाली 'जेरोनिमोऽऽ!'. त्यावर हसण्याच्या इमोजींचा पाऊस. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

अरे, ते कब्रस्तान कुणाचं आहे एवढं तरी बघावं! अपाची ह्या अमेरिकेतल्या मूळ जमातीच्या युद्धकैद्यांचं आहे ते. १८८६ मध्ये जेरोनिमो शरण आला आणि सरकारनं चिरिकाहुआ अपाचींना ॲरिझोनातून उचलून फ्लोरिडाला नेलं. बायका, म्हातारे, पोरंबाळं, सगळे कैदी. ज्या अपाचींनी अमेरिकी सैन्याला जेरोनिमोचा माग काढून दिला, तेही कैदी! मग अलाबामा, मग १८९४ मध्ये फोर्ट सिल. सुटका १९१३ मध्ये. २७ वर्षं. मधल्या काळात जन्मलेलं तान्हं पोरसुद्धा युद्धकैदीच.

काही वर्षांपूर्वी बाबा साताऱ्याहून आले होते, तेव्हा त्यांना तिथे नेलं होतं. जेरोनिमोची कबर लगेच ओळखू येते. गोल गोट्यांचा रचलेला पिरॅमिड, वर दगडी गरुड. मी तरातरा तिकडे निघाले, बाबा मागेच. पांढऱ्या, बुटक्या दगडांच्या रांगेत वाकून एकेक नाव वाचत होते. एका दगडापाशी बोटांवर वर्षं मोजली आणि म्हणाले, "अगं, हे तर दोन वर्षांचंसुद्धा नव्हतं. ह्यानं कुठली लढाई केली?"

काय सांगणार होते मी?

जेरोनिमोच्या हातून निरपराध माणसंही मेली. मान्य. पण त्याची आई, बायको आणि तीन मुलं मेक्सिकन सैनिकांनी मारली होती, हेही सांगा ना मग. १९०५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्टच्या शपथविधीच्या मिरवणुकीत त्याला घोड्यावर बसवून मिरवलं. त्यानं हात जोडून मागितलं एकच, मला माझ्या ॲरिझोनात मरू द्या. नाही म्हणाले. १९०९ च्या फेब्रुवारीत घोड्यावरून पडला, रात्रभर थंडीत पडून राहिला आणि न्यूमोनियानं गेला. कैदी म्हणूनच. आणि त्याच सैन्याचे छत्रीधारी सैनिक १९४० पासून विमानातून उडी मारताना त्याचं नाव ओरडायला लागले. २०११ मध्ये बिन लादेनविरुद्धच्या अमेरिकी मोहिमेतही सांकेतिक शब्द हाच. संताप येतो हो.

ह्याच फोर्टाच्या दुसऱ्या कब्रस्तानात कोमांची ह्या दुसऱ्या मूळ जमातीचा पुढारी क्वाना पार्कर आहे. तो आधी तिथे नव्हता. सैन्याला क्षेपणास्त्रांच्या सरावासाठी जमीन हवी होती, म्हणून १९५७ मध्ये त्याला आणि त्याच्या आईला मूळ जागेतून उकरून इथे आणलं. म्हणजे सैन्याला गरज पडली की कबरी हलतात. २००९ मध्ये जेरोनिमोचे वंशज कोर्टात गेले, आमच्या माणसाला घरी नेऊ द्या म्हणून. दावा फेटाळला. फोर्ट सिलच्या अपाचींच्या नेत्यांनाही ती कबर हलवलेली नको होती, हे खरं आहे. तो त्यांच्या घरातला प्रश्न. पण २७ वर्षं कैदेत ठेवलं नसतं तर हा वाद उभाच राहिला नसता.

बाबांनी त्या दिवशी जेरोनिमोच्या कबरीपाशी चपला काढल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. जवळच्या झाडाला लोकांनी रुमाल, मण्यांच्या माळा बांधल्या होत्या, तिथे नुसते उभे राहिले. मग परत त्या छोट्या दगडांकडे गेले.

पोरांवर आता तेवढा राग नाही. रायगडावर समाधीसमोर ती अशी उडी मारणार नाहीत, मला माहीत आहे. त्यांना हे कुणी सांगितलंच नाही. पण इमोजी टाकणारे काका-काकू पन्नाशीचे आहेत, त्यांचं काय?

पुढच्या महिन्यात मंडळाची विचिटा माउंटन्सची सहल आहे. फोर्ट सिल वाटेवरच आहे. आधी त्या लेकरांच्या रांगेत जायचं, नावं वाचायची, मग जेरोनिमो. ज्यांना नको असेल त्यांनी बसमध्ये थांबावं. आणि तो फोटो कृपया आजच काढून टाका.