मेमोरँडम पंचनाम्यातला प्रत्येक शब्द पुरावा नसतो

‘आरोपीने मुद्देमाल काढून दिला की घरफोडीत बचावाला काही उरत नाही’ असं एका लेखात वाचलं; ते वाक्य साफ चुकीचं आहे. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 27, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 चं परंतुक, आरोपीच्या निवेदनातला (पंचांसमोर लिहून घेतलेलं हे निवेदन म्हणजेच मेमोरँडम पंचनामा) फक्त वस्तूचा शोध लावणारा भाग पुराव्यात घेतं. ‘साखळी माळ्यावर लपवली आहे, काढून देतो’ एवढं चालतं. ‘कुलूप तोडून चोरलेली’ हे शब्द गळतात. ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोटय्या खटल्यात हे केव्हाच स्पष्ट केलंय. तरी कनिष्ठ न्यायालयांत अख्खा कबुलीजबाब पुरावा म्हणून निशाणी पडतो आणि आरोपीचा वकील हरकतही घेत नाही, याचा मला खरंच त्रास होतो.

माझ्या एका खटल्यात पंच उलटतपासणीत म्हणाला, ‘सह्या पोलीस ठाण्यातच केल्या, माळा मी पाहिलाच नाही.’ साखळीच्या पाकिटाला लाखेचं सील नव्हतं आणि फिर्यादीने ती ओळखली तीही एकटीच समोर ठेवलेली, तशाच दुसऱ्या साखळ्यांत मिसळून नव्हे. जप्ती तिथेच कोसळली. आता झडती-जप्तीचं चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने बंधनकारक आहे, तेव्हा पहिल्याच तारखेला ते मागून घ्या.