21 दिवसांचा हिशोब

परवा आमच्या क्षेत्रातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका डॉक्टरांनी लिहिलं की या लोकांना ॲडमिट करून काही उपयोग नसतो, चार दिवसात पळून जातात, मोटिव्हेशनच नसतं. "या लोकांना" म्हणजे तृतीयपंथी पेशंटना. खाली सात-आठ अंगठे पण आले. मी तिथे काही बोलले नाही, कारण तिथे बोललं की भांडण होतं आणि भांडण झालं की ॲडमिन "ओन्ली ॲडमिन्स कॅन पोस्ट" करून मोकळा होतो. म्हणून इथे लिहितेय. लांबण लागणारे, चहा घेऊन बसा.

मी पुण्यात व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे, 12 वर्षं झाली. आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मीही मनातल्या मनात त्या डॉक्टरांसारखंच म्हणायचे, हे आधीच कबूल करते.

मग ती आली. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही, वय तेव्हा 31. नगर रोडच्या एका सिग्नलला मंगती करायची, म्हणजे गाड्यांच्या काचा वाजवून पैसे मागायची. रोज देशीच्या तीन क्वार्टर, शिवाय झोपेसाठी मेडिकलमधनं चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या. स्वतःच्या पायाने आली होती हे महत्त्वाचं, कारण आमच्याकडचे निम्मे पुरुष पेशंट घरच्यांनी ढकलत आणलेले असतात आणि त्यांचं मोटिव्हेशन मात्र कोणी काढत नाही.

मी तेव्हा जिथे काम करायचे तिथल्या फॉर्मवर "जबाबदार नातेवाईक" असा रकाना होता, सही लागायची, पेशंट पळाला, आजारी पडला तर बोलवायचं कोणाला म्हणून. तिने गुरूचं नाव दिलं, म्हणजे तृतीयपंथीयांच्या डेऱ्यातल्या, त्यांच्या मानलेल्या कुटुंबातल्या, थोरल्या बाईचं. गुरू स्वतः रिक्षा करून आल्या होत्या, साठीच्या बाई, गुडघ्याला पट्टा. ऑफिसमधल्या माणसाने सांगितलं रक्ताचं नातं पाहिजे. आता वयाच्या 15व्या वर्षी बापाने मारून हाकललेल्या पोरीने रक्ताचं नातं आणायचं कुठून? गुरू म्हणाल्या, "साहेब हिला ताप आला तर बर्फाच्या पट्ट्या मी ठेवते, रक्त काय चाटायचंय?" शेवटी मी माझ्या नावाने सही केली. नियमात बसत नव्हतं, पण केली.

पुढचा प्रश्न बेड कुठला. बायकांच्या वॉर्डात दोन बायकांनी नको म्हणून सांगितलं, मग पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यात. झडतीत तिच्या पर्समधलं सगळं काढून घेतलं, तसं सगळ्यांचंच घेतात, पण तिच्या पर्समध्ये रेझर होता आणि माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं होती. रेझर जमा, कारण पेशंट स्वतःला इजा करून घेईल. गोळ्या जमा, कारण बाहेरच्या गोळ्या चालत नाहीत. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. खरं तर माला-डी मूठभर घेणं वाईटच, त्यातल्या इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी व्हायची भीती असते, त्यात ती विडी ओढायची आणि लिव्हर दारूने आधीच बेजार. पण हार्मोन्स नीट तपासून लिहून देणारा डॉक्टर परवडत नाही म्हणून तर या मुली एकमेकींना विचारून गर्भनिरोधक गोळ्या खातात. ते समजून घेऊन पर्याय देणारं त्या दिवशी ड्युटीवर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी राउंडला गेले तर ती चादर नाकापर्यंत ओढून बसलेली, मे महिना. मला वाटलं विड्रॉवल, म्हणजे दारू थांबल्यावरचा त्रास, थंडी वाजतेय. ती दाढी लपवत होती. दोन दिवसांचे खुंट, वॉर्डात 20 पुरुष, त्यातला एक सारखा "ए भाऊ" म्हणून हाक मारत होता. मी हसून म्हणलं दुर्लक्ष कर, बरं व्हायचंय ना तुला. आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःचाच राग येतो.

त्या रात्री ती केंद्रातनं निघून गेली. रात्री कोणीतरी पांघरुणात हात घातला होता, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. तिने ड्युटीवरच्या ब्रदरला सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्हाला तर सवय असेल." 2019 साली तृतीयपंथी हक्क संरक्षणाचा कायदा आला त्यात लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली 6 महिने ते 2 वर्षं, आणि बाईवर बलात्कार झाला तर कमीत कमी 10. ब्रदरने तो कायदा वाचला नसणार, पण त्याचं वाक्य आणि कायद्यातला फरक दोन्ही एकाच डोक्यातनं आल्यासारखे वाटतात.

दारू रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि भास-भ्रम, कापरं हे सहसा दोन-तीन दिवसांनी जोर धरतं, म्हणजे ती नेमकी वाईट वेळेला बाहेर पडली. पहाटे पुणे स्टेशनला फिट आली. लोकांनी गोल करून बघितलं, कोणीतरी व्हिडिओ काढला, "नाटक करतोय" म्हणाले. एका हमालाने तिला कुशीवर वळवून डोक्याखाली गमछा ठेवला. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र एवढीच नोंद, "पेशंट पळून गेला". त्यातही गेला. गेली नाही.

दीड महिन्याने मी तिला सिग्नलला शोधून काढलं आणि पुन्हा आमचं नेहमीचं पुराण सुरू केलं. संगत बदल, जागा बदल, ट्रिगर टाळ. ती मोठ्याने हसली. म्हणाली, "मॅडम, संगत बदलली तर मी जेवू कुठे?"

इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. आमचं सगळं शास्त्र असं धरून चालतं की माणसाचं घर एकीकडे, नोकरी दुसरीकडे आणि दारूचा अड्डा तिसरीकडे. अड्डा सोडायचा, घरी जायचं, नोकरी सांभाळायची. हिचं घर, पोट, नातेवाईक आणि गुत्ता एकाच बोळात. तो बोळ सोडला तर दारू सुटेल, पण छप्पर पण सुटेल. आणि दारू काही मौजमजेला नव्हती. "हात पसरताना लाज वाटते ना, क्वार्टर घेतली की लाज खाली बसते, मग टाळी नीट वाजते." डांबर तापलेलं, समोरचा काच वर करतो, मागच्या सीटवरची पोरं खिदळतात, असे दिवसाचे आठ-नऊ तास. तिच्यासाठी दारू म्हणजे कामाचं हत्यार होतं, गवंड्याच्या थापीसारखं. ज्या धंदा करतात त्यांचं आणखी वेगळं, गिऱ्हाईक स्वतःच पाजतं, नाही प्यायली तर दुसरीकडे जातो म्हणतं, आणि प्यायल्यावर कंडोमचा आग्रह धरायची शुद्ध राहत नाही. एचआयव्हीच्या प्रोजेक्टमुळे वस्तीत कंडोम पोचले, तपासणी पोचली, त्याबद्दल त्या कामाला सलाम. दारूचं मात्र तिला 16 वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

मी तिला परत ॲडमिट हो म्हणलं, 21 दिवस, सगळं मोफत. तिने माझीच डायरी घेतली आणि हिशोब मांडला. ते पान माझ्याकडे अजून आहे.

सिग्नलला दिवसाचे सरासरी 800. त्यातले 300 डेऱ्यात गुरूकडे जातात. ऑपरेशनसाठी 60 हजार कर्ज घेतलेलं, महिना 10 टक्के व्याज, माणूस रोज संध्याकाळी 200 घ्यायला येतो आणि मुद्दल आहे तिथेच आहे. बँकेने द्यायचा प्रश्नच नव्हता. खोलीभाडं 5500, दहा बाय दहा, पत्र्याची, शेजारचं कुटुंब तशाच खोलीचे 3500 देतं. आता 21 दिवस बसून राहिलं तर व्याजाचे 4200, डेऱ्याचे 6300, भाडं 5500. ती म्हणाली, "तुमचं फुकटचं केंद्र मला 16 हजाराला पडतं मॅडम, आणि कमाई शून्य."

मी 12 वर्षांत शेकडो केस हिस्टऱ्या लिहिल्या असतील. व्याज किती भरता, हा प्रश्न आमच्या फॉर्मवर कधीच नव्हता.

कोणी म्हणेल गुरूच शोषण करतात, त्यांनाच धरा. मलाही असंच वाटायचं. रीत मोडली की डंड बसतो, हे खरं. पण त्याच गुरूने तिला 15व्या वर्षी प्लॅटफॉर्मवरनं उचललं, त्याच गुरूच्या डेऱ्यात दारू प्यायलेली चालत नाही, आणि दुसऱ्या वेळी ॲडमिशनचं ठरलं तेव्हा मी जाऊन त्यांच्याशी बोलले तर त्यांनी 21 दिवसांचे 6300 सोडले. एका बैठकीत. सावकाराने एक दिवस सोडला नाही. आमच्या क्षेत्रात फॅमिली काउन्सेलिंगचे एवढे गोडवे गातात, मग गुरूला खुर्ची दिली तर काय बिघडतं?

आता नेहमीचा प्रश्न, "धडधाकट आहेत, काम का करत नाहीत". केलं ना तिने. दुसऱ्या उपचारानंतर एका सोसायटीत हाऊसकीपिंगला लागली, 11 हजार. पगार बँकेत, आणि बँकेतलं नाव जुनं, आधारवरचं नाव जुनं, फोटो जुना, समोर उभी बाई नवी. केवायसीत तीन आठवडे अडकले. रोज संध्याकाळी 200 वाला दारात, आणि पगार 40 दिवसांनी. मधे एकदा कुठलं टॉयलेट वापरायचं यावरनं सोसायटीच्या कमिटीची मीटिंग झाली म्हणे! दोन महिने टिकली. मग परत सिग्नल आणि परत क्वार्टर. आमच्या फाईलवर शेरा, रिलॅप्स, कारण इच्छाशक्तीचा अभाव.

काम मिळालं तर करतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि शहराची स्वच्छता बघणारे ग्रीन मार्शल म्हणून घेतलं, आकाश कोसळलं नाही. पण किती जणी तिथे मावणार? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 40,891 माणसं "इतर" रकान्यात नोंदलेली, आणि तेव्हा स्वतःहून तसं सांगणारे किती असतील त्याचा अंदाज तुम्हीच करा.

कागदावर तसं बरंच आहे. सुप्रीम कोर्टाने 15 एप्रिल 2014 ला नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारात लिंगावरनं भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय, आणि त्या कायद्यात व्यसनाचे आजारही येतात. 2022 मध्ये आयुष्मान भारतखाली वर्षाला 5 लाखांचं आरोग्य कवच जाहीर झालं. पण त्याला प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्राला ओळखपत्र लागतं, आणि ओळखपत्र गावाकडच्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली बापाकडे. तिने एकदा फोन केला होता. आईने उचलला, दोन मिनिटं रडली, मग मागनं आवाज आला तसा कट केला. त्या रात्री किती प्यायली ते मी लिहीत नाही.

लॉकडाऊन आठवतो? मार्च 2020, सिग्नल रिकामे, लोकल बंद, लग्नं-बारशी बंद म्हणजे बधाईही, तिथे आशीर्वाद देऊन मिळणारे पैसेही, बंद. केंद्र सरकारने तृतीयपंथीयांना एकदा 1500 रुपये दिले, तेही ज्यांची खाती आणि कागद होते त्यांना. दारूची दुकानं बंद झाली तेव्हा आम्हाला वस्तीतनं फोन यायचे, हातपाय कापतायत, भिंतीवर माणसं दिसतायत. हॉस्पिटलला जा म्हणलं तर रिक्षा नाही, आणि गेलं तर नाक्यावरचा पोलीस आधी काठी घालणार.

पुस्तकात याला मायनॉरिटी स्ट्रेस म्हणतात, इलान मेयर नावाच्या संशोधकाने 2003 मध्ये नीट मांडलं. म्हणजे समाजाच्या तिरस्काराचा रोजचा ताण, वर तो होईल या भीतीचा ताण, वर तो आत मुरून स्वतःचीच किळस यायला लागते त्याचा. मला ते पटतं, पण पुस्तकात सावकार नाही. आमच्याकडे रोज सहा वाजता सावकार येतो.

एकूणच दारूच्या उपचाराची बोंब आहे म्हणा. सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 मध्ये जे राष्ट्रीय सर्वेक्षण काढलं त्यात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांतल्या एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळाल्याचं दिसलं. बायका-पोरं, घरदार असलेल्यांची ही गत. मग हिच्यासारखी कितव्या नंबरला असेल?

तर डॉक्टरसाहेब, मोटिव्हेशनचं असं आहे. तिसऱ्या वेळी आम्ही तिला ॲडमिटच केलं नाही. ओपीडीतच दारू उतरवली, फिजिशियनने लिव्हर बघून गोळ्या बसवल्या, व्हिटॅमिनचं इंजेक्शन, गुरूंच्या ताब्यात औषधं, रोज सकाळी येऊन बीपी दाखवायचं आणि अकराला सिग्नलला जायचं. सगळ्यांना हे चालत नाही, आधी फिट आलेल्या पेशंटला असं घरी ठेवणं जोखमीचंच, मला झोप नव्हती ते दहा दिवस. पण दाढी करून, साडी नेसून, तिच्या नावाने हाक ऐकत ती रोज आली. एकही दिवस चुकली नाही. एका एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला पण जायला लागली, तिथे एक रिटायर्ड काका तिच्यासाठी शेजारची खुर्ची पिशवी ठेवून अडवून ठेवतात.

सात महिने झाले. मधे गणपतीत एकदा घसरली, दोन दिवस, मग स्वतःच फोन केला. सावकाराचं मुद्दल आम्ही काही जणींनी मिळून फेडलं, ती आता दर महिन्याला आम्हाला परत करतेय, बिनव्याजी, उलट मलाच आठवण करून देते की मॅडम या महिन्याचे घेतले नाहीत. सिग्नल अजून सुटला नाहीये. घरगुती डबे करायचे म्हणतेय, हाताला चव आहे, तिची शेंगदाण्याची आमटी खाल्लीये मी. पण आत्ताची खोली गुत्त्याच्या वरच आहे, जिना उतरला की बाटली.

म्हणून, हडपसर, मांजरी, फुरसुंगी या भागात कोणाकडे एक खोली आणि ओटा असेल तर इनबॉक्स करा. भाडं 5 हजारापर्यंत, डिपॉझिटचे 15 हजार तयार आहेत. भाडेकरू तृतीयपंथी आहे हे आधीच सांगतेय, चार ठिकाणी टोकन देऊन परत घ्यावं लागलंय. भाडेकराराला माझी सही चालेल.